जुन्या बोलेरो-सुमोची डिझेल टाकी: कोणती घ्यावी, कोणती दुकानातच ठेवावी

टाकी विकत घेताना गिऱ्हाईक बाहेरचा काळा रंग बघतं आणि दुकानदारही तोच पुसून दाखवतो. गाडीचा संबंध मात्र टाकीच्या आतल्या बाजूशी येतो. जुन्या बोलेरो आणि सुमोसाठी बाजारात मिळणाऱ्या टाक्यांमध्ये जो काही फरक आहे, तो जवळजवळ सगळा आत आहे. बॅटरी लावून आत न बघता घेतलेली टाकी म्हणजे न फोडता घेतलेला नारळ. फरक इतकाच की खराब निघालेला नारळ इंजिनात डिझेल फवारणाऱ्या पंप आणि नोझलला सोबत घेऊन जात नाही.

सुमो १९९४ला आली आणि २०१९ला बंद झाली. बोलेरो २०००ची, नाशिकच्या कारखान्यातली, आणि तिचं उत्पादन अजून चालू आहे. वडाप, दूध, शेतीमाल, लग्नाची वऱ्हाडं असं सगळं ओढून पंधरा-वीस वर्षं झालेल्या या गाड्या आता टाकीच्या वयाला आल्या आहेत. दोन्ही चासीवरच्या गाड्या. लोखंडी पत्र्याची टाकी खालून चासीला अडकवलेली, म्हणजे चिखल, खडी आणि वॉशिंग सेंटरचा फवारा या तिन्हींच्या थेट तोंडी. बोलेरोची टाकी ६० लिटरची. पुढची मोजमापं तीच धरून दिली आहेत, सुमोला थोडाफार फरक पडेल.

आधी टाकीच दोषी आहे का ते ठरवा

बाहेरून गळणारी टाकी ओळखायला अक्कल लागत नाही. डिझेल पेट्रोलसारखं उडून जात नाही, त्यामुळे पाझर असेल तिथे धूळ चिकटून काळा, ओलसर लेप बसतो. बोटाने पुसला की खाली पत्रा चमकतो आणि तासाभरात पुन्हा ओल येते. हा लेप बहुतेक दोनच जागी सापडतो: पट्ट्याखाली आणि वरचा-खालचा भाग जोडलेल्या कडेच्या सांध्यावर. वरच्या बाजूला, फ्लोटच्या (काट्याला डिझेलची पातळी सांगणाऱ्या तरंगत्या भागाच्या) झाकणाशी ओल असेल तर टाकीला हात लावू नका. तिथलं गॅस्केट गेलेलं असतं आणि टाकी पूर्ण भरल्यावरच गळतं.

खरी गफलत आतून सडलेल्या टाकीची. गाडी चढाला दम सोडते, टॉप गिअरमध्ये उचल घेत नाही, फिल्टर बदलला की आठवडाभर बरी चालते आणि पुन्हा तेच. गॅरेजवाला पंप उतरवायची भाषा करू लागतो. पंप उतरवू देण्याआधी अर्ध्या तासाची एक चाचणी करा. पाच लिटरचा स्वच्छ कॅन घ्या, बॉनेटमध्ये सायलेन्सरपासून लांब घट्ट बांधा. टाकीकडून येणारी नळी काढून पुढची बाजू कॅनमध्ये सोडा आणि इंजिनाकडून परत जाणारी रिटर्नची नळीही त्याच कॅनमध्ये सोडा. दुसरी नळी लोक विसरतात. पंप लागतं त्यापेक्षा बरंच जास्त डिझेल ओढतो आणि उरलेलं परत पाठवतो. रिटर्न टाकीतच जात राहिली तर कॅन बघता बघता रिकामा होतो आणि चाचणी फसते. कॅनवर गाडी नेहमीच्या चढावर नीट चढली, तर दोष टाकीत किंवा मधल्या लायनीत. तरीही रडली, तर टाकीचे पैसे वाचले.

कॅनच्याही आधी करायची फुकटची चाचणी म्हणजे गाडी मरगळली की थांबून टाकीचं झाकण सैल करणं. आत हवा ओढल्याचा 'सूंऽऽ' आवाज आला आणि पुढे गाडी सुतासारखी सरळ चालली, तर ब्रीदर, म्हणजे टाकीत हवा येऊ देणारी नळी, तुंबला आहे. टाकीतून डिझेल जातं, त्याच्या जागी हवा येत नाही, मग पंपाला पोकळी ओढत बसावं लागतं. कुंभारमाशी या नळीत मातीचं घर करते आणि तेवढ्यावर नवी टाकी विकली जाते. असे सौदे दर पावसाळ्यानंतर होतात.

आतून सडते कशी

'टाकी अर्धी ठेवली की दव धरतं' हे प्रत्येक मेकॅनिक सांगतो. खोटं नाही, पण त्याला वाजवीपेक्षा जास्त मान मिळाला आहे. हिशेब करून बघा. ३० अंशांना पूर्ण दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये सुमारे ३० ग्रॅम पाणी मावतं. टाकीत १० लिटर डिझेल असेल तर वर ५० लिटर हवा, म्हणजे दीड ग्रॅम पाणी. रात्रीत पारा २२वर उतरला तर त्यातलं अर्धा ग्रॅम, म्हणजे दहाएक थेंब खाली येतील. तेही रोज आतली सगळी हवा बदलली तर, आणि उभ्या गाडीत ती तेवढी बदलत नाही. टाकीतून उपसून निघणारं पाव-अर्धा लिटर पाणी दवाचं नसतं. ते झाकणाच्या फाटक्या रबरातून, वॉशिंगच्या फवाऱ्यातून किंवा शेतावर ड्रममधून भरलेल्या डिझेलातून आलेलं असतं. नव्या टाकीवर जुनंच झाकण लावणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

डिझेलची घनता ०.८२ ते ०.८४५च्या घरात, त्यामुळे पाणी तळाशी बसतं आणि हलत नाही. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर जंतू वाढतात, त्यांची बुळबुळीत, काळपट-तपकिरी साय धरते आणि त्यांच्या आम्लाने तळाच्या पत्र्याला आतून टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. अशी टाकी कापून बघितली की वरचा अर्धा भाग कारखान्यातून आल्यासारखा करडा दिसतो. त्याच्या खाली आडवी तपकिरी रेघ, आणि त्याखाली बॅफलच्या (डिझेल हिंदकळू नये म्हणून आत लावलेल्या पत्र्याच्या पडद्यांच्या) कोपऱ्यांत चहाच्या चोथ्यासारखा गाळ: गंजाचे पोपडे, साय आणि वाळू एकजीव झालेली. पोपडा चिमटीत धरला की त्याचे पापुद्रे सुटतात. हेच पापुद्रे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या सक्शन पाइपच्या, म्हणजे पिकअपच्या, तोंडावर जाऊन बसतात. गाडी बंद केली, ओढ थांबली की खाली पडतात, म्हणून दहा मिनिटं विसावा घेतलेली गाडी पुन्हा चांगली चालते. गॅरेजच्या दारात पोचेपर्यंत दोष गायब होतो तो असा.

पर्याय पहिला: कंपनीची टाकी

बोलेरोवाल्यांसाठी निकाल सोपा आहे, मिळाली तर हीच घ्या. आतून गंजरोधक लेप, सांधा मशीनवर एकसारखा वेल्ड केलेला, पिकअप पाइपची उंची बरोबर, फ्लोटची भोकं जुळणारी. पैसे जास्त जातात, पण बसवताना घासाघीस, ठोकाठोकी करावी लागत नाही. फिटरचे दोन तास वाचतात आणि ते तासही फुकट नसतात.

अडचण क्रमांकाची आहे. बोलेरोच्या पिढ्या अनेक झाल्या. जुन्या पंपाच्या साध्या डीआय इंजिनाची टाकी आणि कॉमन रेल (जास्त दाबाची, इलेक्ट्रॉनिक इंधनव्यवस्था) आल्यानंतरची टाकी दिसायला भावंडं, पण नळ्यांची तोंडं आणि फ्लोट जुळतीलच असं नाही. चासी क्रमांक देऊन पार्ट नंबर काढून घ्या. 'सगळ्या बोलेरोला एकच लागते' हे वाक्य ऐकलं की दुकान बदला. सुमोवाल्यांना नवी अस्सल टाकी सहज मिळेल असं धरून चालू नये. जुना माल पडून असलेल्या दुकानांत शोधावी लागते, आणि पडून असलेली टाकी घेताना तोंडावरचे प्लास्टिकचे बूच जागेवर आहेत का ते आधी बघा. उघड्या तोंडाने चार पावसाळे गोदामात काढलेली 'नवी' टाकी आतून जुनीच असते.

पर्याय दुसरा: बाजारातली टाकी

पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत ऑपेरा हाउसच्या सुट्या भागांच्या बाजारात ही हमखास मिळते. तिच्यात उत्तम ते टाकाऊ असे सगळे दर्जे एकाच रंगाखाली असतात. दुकानातच करायची तपासणी पुढीलप्रमाणे. तिला पंधरा मिनिटं पुरतात, आणि दुकानदार करू देत नसेल तर तेच उत्तर समजा.

पत्र्याची जाडी तोंडाच्या कडेला कॅलिपरने मोजा. १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिमी, २० गेज म्हणजे ०.९. दोन्ही चालतात. २२ गेजची, म्हणजे ०.७ मिमीची टाकी अंगठ्याने दाबली की 'टप्प' करून आत-बाहेर होते. ती खराब रस्त्यावर पट्ट्याच्या कडेला चिरते, गंजाची वाटही बघत नाही.

टाकी दोन्ही हातांत धरून गदागदा हलवा. आत खडखड झाली तर बॅफलचा टाका सुटलेला आहे किंवा वेल्डिंगचे मणी मोकळे फिरत आहेत. मणी काढता येतात, बॅफल नाही. मग आत बॅटरी धरा. तांबूस मातट रंग दिसला तर टाकी परत द्या. हा रेड ऑक्साइड, 'आतूनही रंगवलंय साहेब' म्हणून कौतुकाने दाखवतात. डिझेलमध्ये त्याचे पोपडे सुटतात आणि पहिल्या दोन हजार किलोमीटरमध्ये तीन फिल्टर खातात.

चकचकीत, फुलं उमटलेला पत्रा आत दिसला तर तो जस्ताचा मुलामा असलेला जी.आय. पत्रा. पाण्याच्या टाकीसाठी छान, डिझेलसाठी नको. जस्त डिझेलमध्ये हळूहळू उतरतं, डिझेलातल्या आम्लांशी मिळून त्याचा साबणासारखा चिकटा होतो, तो फिल्टरवर आणि पुढे नोझलच्या टोकावर बसतो. बाहेरून जस्त असायला हरकत नाही. आतून कोरा पत्रा तेल लावून दिलेला असेल तर तो जी.आय.पेक्षा बरा, कारण डिझेलच त्याला जपतं, फक्त पाणी साठू देता कामा नये. गंज चढत नाही म्हणून जी.आय.ची भलामण करणारे फिटर बरेच आहेत. त्यांचं गंजाबद्दलचं म्हणणं खरं आहे, नोझलचं बिल मात्र त्यांना भरावं लागत नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाचं आणि सगळ्यांत दुर्लक्षित माप: पिकअप पाइपचं टोक तळापासून किती वर आहे. तार वाकवून आत घाला, मोजा. दीड ते दोन सेंटिमीटर ठीक. जुन्या टाकीचं माप घेऊन गेलात तर सोन्याहून पिवळं. पाइप तळाला टेकत असेल तर गाळ आणि पाणी थेट ओढलं जातं. फार वर असेल तर वेगळाच ताप. तळ ८० बाय ४० सेंटिमीटर धरला तर प्रत्येक सेंटिमीटरला ३.२ लिटर डिझेल. पाइप पाच सेंटिमीटर वर राहिला म्हणजे १६ लिटर डिझेल कायमचं ओझं, आणि काटा पाव टाकी दाखवत असताना गाडी घाटात उभी. या एका मापावर बाजारातल्या टाक्या सर्वांत जास्त नापास होतात.

शेवटी गळती. कंप्रेसरची नळी थेट लावू देऊ नका. ८० बाय २० सेंटिमीटरच्या बाजूवर एक बार दाब म्हणजे जवळजवळ १,६०० किलोचं बळ, टाकी फुग्यासारखी होते आणि पुन्हा बसत नाही. सगळी तोंडं बंद करून रिटर्नच्या तोंडाला पारदर्शक नळी लावा, तिचा यू करून त्यात पाणी भरा आणि दुसऱ्या तोंडातून सायकलच्या पंपाने हवा द्या. यूच्या दोन बाजूंत ५० सेंटिमीटर फरक आला की पुरे, हा ०.०५ बार झाला. साबणाचं पाणी सांध्यावर फिरवा आणि दहा मिनिटं पातळी बघा. सावलीत करा. आतली हवा एक अंशाने तापली तरी पातळी तीन-साडेतीन सेंटिमीटर हलते आणि उन्हात गळकी टाकीही पास होते.

या कसोट्यांतून निघालेली बाजारातली टाकी घ्यायला काही हरकत नाही. कसोटी न करता घेण्यापेक्षा पुढचा पर्याय बरा.

पर्याय तिसरा: भंगारातली

कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा कुठल्याही जिल्ह्याच्या जुन्या मालाच्या गल्लीत अपघातग्रस्त गाड्यांच्या टाक्या मिळतात. सुमोसाठी खरं तर हाच शहाणपणाचा मार्ग आहे: अस्सल पत्रा, अस्सल मापं, बरोबर फ्लोट. गाडी कुठली होती ते विचारा. देशावरची, सोलापूर-नगरकडची टाकी कोकण किंवा गोव्याच्या टाकीपेक्षा डोळे झाकून चांगली, खाऱ्या हवेने पट्ट्याखालचा पत्रा आधी खाल्लेला असतो. अपघातापर्यंत चालू असलेल्या गाडीची टाकी घ्या, दोन वर्षं गवतात उभ्या असलेल्या गाडीची नको.

तपासणी म्हणजे बोथट स्क्रू-ड्रायव्हरचं टोक सांध्याच्या कडेने आणि पट्ट्याच्या जागी दाबत फिरवणं. कुठे मऊ लागलं किंवा 'कच्च' झालं की पुढे चला. ताजा काळा रंग मारलेली भंगारातली टाकी घेऊच नये. रंग कशावर मारलाय हे भंगारवाल्यालाच ठाऊक. पावती घ्या.

पर्याय चौथा: आहे तीच दुरुस्त करणं

दगड लागून पडलेलं एखादं भोक, बाकी पत्रा धडधाकट, तर रेडिएटरवाल्याकडून डाग मारून घेणं पूर्ण योग्य आहे. टाकीला पाच-सहा जागी पाझर असेल तर दुरुस्ती म्हणजे फाटक्या चादरीला नवी ठिगळं: शिवलेल्या जागेशेजारी पुढचं भोक पडतं.

'डिझेलची टाकी आहे, पेट्रोलची थोडीच, फुटत नाही' या समजावर वेल्डिंगवाल्यांचे हात-तोंड भाजलेले आहेत. भारतीय प्रमाणानुसार डिझेलच्या फ्लॅश पॉइंटची, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते त्याची, किमान अट ३५ अंश आहे. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला सावलीतली हवाही त्याच्या वर असते, आणि गॅसची ज्योत लागल्यावर सांध्यात मुरलेलं डिझेल वाफ होऊन बाहेर येतं ते वेगळंच. टाकी कास्टिकच्या गरम पाण्याने धुवून, वाफ देऊन, मग डाग मारायची जागा वर ठेवून तिच्या बोटभर खालपर्यंत पाणी भरून काम करणारा माणूस असेल तरच द्या. कास्टिक हातावर आणि डोळ्यांत जाऊ देऊ नये हे वेगळं सांगायला नको. नुसतं उलटी करून दोन तास ठेवली म्हणजे झालं असं म्हणणाऱ्याकडून टाकी घेऊन घरी या.

आतून ओतायचा इपॉक्सी लेप मोटारसायकलच्या टाकीला बऱ्यापैकी चालतो. इथे नाही. बॅफलच्या मागे लेप पोचत नाही, तेल पूर्ण न निघालेल्या जागी धरत नाही आणि सहा महिन्यांनी त्याची प्लास्टिकच्या पिशवीसारखी साल सुटून पिकअपवर बसते. एम-सीलचा लगदा मुक्कामापर्यंत पोचायला उत्तम. त्याहून जुना उपाय अंगाच्या साबणाचा: कोरडी वडी भोकावर घासायची. साबण पाण्यात विरघळतो, डिझेलमध्ये नाही, त्यामुळे बारीक पाझर दिवसभर थांबतो. पाऊस आला की मात्र उपाय धुऊन निघाला.

स्थानिक पत्राकामवाल्याकडून नवीन बनवून घेणं हा पाचवा पर्याय म्हणता येईल. ट्रकच्या टाक्या करणारा असेल तर करा: १६ किंवा १८ गेज सी.आर. (कोल्ड रोल्ड) पत्रा, मधे दोन बॅफल, बॅफलच्या खाली डिझेल जायला खाचा, तळाला गाळाचा बोल्ट. ३०४ स्टेनलेसची हौस असेल तर तिला आर्गनचं वेल्डिंग लागतं आणि पट्ट्याखाली रबर नसेल तर तीही चिरते. दार-खिडक्यांची ग्रिल करणाऱ्याकडून टाकी करून घेऊ नये.

बसवण्याचं काम

टाकी भरलेली असताना तिच्यात ५० किलो डिझेल असतं. पाच लिटरच्या आत आणूनच काम सुरू करा. तळाचा बोल्ट आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. तरी हलला नाही तर जोर करू नका, बूड त्याच्यासकट फाटून निघतं, तोंडातून सायफन करा. आग दाखवून बोल्ट सोडवणं हा विचारही नको. काढलेलं डिझेल सुती कापडातून गाळून कॅनमध्ये एक दिवस स्थिर ठेवा, वरचं तीन चतुर्थांश वापरा. खालचं गटारात ओतू नका.

बॅटरीचा निगेटिव्ह काढा. गाडी खड्ड्यावर किंवा भक्कम घोड्यांवर, नुसत्या जॅकवर नाही. तोंडाकडची जाड रबरी नळी वीस वर्षांत लाकूड झालेली असते. ती स्क्रू-ड्रायव्हरने उचकटली तर तोंड चेपतं. सुरीने लांबीत चिरून काढा, नाहीतरी नवी टाकायचीच आहे. फीड आणि रिटर्नच्या नळ्यांना वेगवेगळ्या रंगाच्या चिकटपट्ट्या लावा. या दोन नळ्यांची अदलाबदल ही या कामातली सर्वांत जास्त होणारी चूक आहे आणि ती लगेच कळत नाही. बऱ्याच टाक्यांत रिटर्नचा पाइप आत थोडाच उतरलेला असतो, म्हणून भरलेल्या टाकीवर गाडी व्यवस्थित चालते आणि पातळी खाली गेली की बंद पडते. 'टाकी निम्मी झाली की गाडी हवा घेते' अशी तक्रार नव्या टाकीवर आली की आधी नळ्या बघाव्यात.

टाकीखाली फळी, फळीखाली ट्रॉली जॅक. पट्टे किंवा बोल्ट सोडून टाकी वितभर खाली घ्या, फ्लोटची वायर आणि ब्रीदर काढा, मगच पूर्ण उतरवा. वायर तोडून मोकळे होणारे फिटर याच टप्प्यावर घाई करतात.

टाकी खाली आली की चासीवरून गेलेल्या लोखंडी नळ्या क्लिपांखाली तपासा. गंज तिथेच लपतो. फिल्टरच्या बाजूने टाकीकडे हवा मारून नळ्या मोकळ्या करा, उलट मारली तर कचरा फिल्टरकडे जातो. रबरी नळी डिझेलसाठीचीच, आत सुती किंवा नायलॉनचा विणलेला थर असलेली. पाण्याची पारदर्शक नळी स्वस्त असते, सहा महिन्यांत पिवळी, कडक होते आणि क्लिपपाशी हवा ओढू लागते. डिझेल बाहेर टपकत नाही, त्यामुळे दोष सापडता सापडत नाही. नळी जोडणाऱ्या पोकळ बाँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर नवे घ्या. नाहीच मिळाले तर जुने लाल तापवून पाण्यात टाका, तांबं मऊ होतं आणि पुन्हा दबून बसतं.

पट्ट्याखाली रबराची पट्टी चिकटवून लावा. गोणपाट किंवा नमदा ठेवायची जुनी पद्धत टाकीची मारेकरी आहे. पाऊस थांबला तरी ते आठवडाभर ओलं राहतं. पट्टे हाताला हलणार नाहीत इतके आवळा, पत्रा आत जाईपर्यंत नाही. तोंडाची नळी ताणलेली नको. ब्रेकची नळी आणि सायलेन्सर टाकीला टेकत नाहीत हे मागे माणसं बसवून बघा, कारण रिकाम्या गाडीत दिसणारी जागा भरल्या गाडीत दिसत नाही.

फ्लोट टाकीत बसवण्याआधी वायर जोडून, चावी देऊन, हाताने वर-खाली करून काटा बघा. टाकीत बसवल्यावर काटा चुकला तर दहापैकी नऊ वेळा अर्थिंग. नव्या टाकीवर रंगाचा जाड थर असतो, फ्लोटची प्लेट त्याच्यावर बसते आणि जमीन मिळत नाही. एका स्क्रूखालचा रंग खरवडा किंवा स्वतंत्र वायर चासीला द्या. यावर नवा मीटर विकणारे भेटतील.

आधी दहा लिटरच भरा आणि गाडी जागेवर ठेवूनच सगळे सांधे कोरड्या कागदाने पुसून बघा. फिल्टर नवा टाका, त्याच्या डोक्यावरचा हवेचा स्क्रू सैल करून हातपंप मारा. पहिले तीस-चाळीस हात नुसती हवा, मग फेस, मग बुडबुड्यांशिवाय सलग धार आली की स्क्रू चालू धारेतच आवळा. स्टार्टर एका वेळी दहा-पंधरा सेकंद, मधे मिनिटभर थांबून. तरी पकडत नसेल तर नोझलचे नट पाळीपाळीने अर्धा आटा सैल करून हवा काढा. ही पद्धत जुन्या पंपाच्या इंजिनाची आहे, कॉमन रेलवाल्या गाडीत त्या नटांना पाना लावायचा नाही, तिथला दाब चामडी फाडतो. कॉमन रेलला हातपंप आणि थोडा धीर, बस.

दुसरा फिल्टर त्याच दिवशी विकत घेऊन ठेवा आणि ५०० किलोमीटरला बदला. टाकी नवी असली तरी लायनीतला जुना कचरा याच काळात सुटून येतो. काढलेला फिल्टर कापून कागद पसरून बघा: काळं असेल तर जुनी घाण, ती संपेल. चुंबकाला चिकटणारी तांबूस पूड असेल तर लोखंडी नळी आतून गंजली आहे आणि काम अजून संपलेलं नाही. चंदेरी बारीक मणी टाकीच्या वेल्डिंगचे, ते दिसले तर टाकी दुकानदाराकडे परत न्यायची वेळ अजून गेलेली नाही, पावती सोबत ठेवा.

या सगळ्याला सवयीच्या फिटरला चार ते सहा तास लागतात. दीड तासात करून देतो म्हणणारा नळ्या, रबर आणि वॉशर जुनेच ठेवणार हे गृहीत धरा.

उतरवलेली टाकी अंगणात पाणी साठवायला ठेवू नका आणि झाकण लावून भंगारात घालू नका. भंगारवाला ती गॅस कटरने कापतो. सगळी तोंडं उघडी करून, आत काठोकाठ पाणी भरून ओतून, वर खडूने 'डिझेल' लिहून द्या आणि तोंडानेही सांगा.